"व्यायाम करता का?" विचारण्याआधी : जुनाट आजार आणि शारीरिक हालचाल या विषयात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला होते. ओपीडीत साठीच्या एका मावशींचा फॉर्म भरत होते. "व्यायाम करता का?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "नाही गं बाई, आम्हाला कुठला व्यायाम." मी 'निष्क्रिय' या चौकटीत खूण केली. उठता उठता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एसटी फाट्यापर्यंतच येते, तिथून वस्तीवर पाऊण तास चालत जायचं, आणि आज पाय सुजलेत म्हणून त्यांना घोर लागला होता. मधुमेह असलेल्या एका बाईची रोजची जाऊन-येऊन दीड तासाची चाल मी एका खुणेनं पुसून टाकली होती.

पुढे पीएचडी याच विषयात केली आणि आता विद्यार्थ्यांना हेच शिकवते. दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, "मॅडम, मधुमेह, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), संधिवात, हृदयविकार अशा आजारांत व्यायामाचा काय उपयोग होतो यावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी फिजिओथेरपीकडून आले, म्हणून उदाहरणं तिकडची आहेत. पण शारीरिक शिक्षण, नर्सिंग, आहारशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्याकडून येणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

१. आधी दोन शब्द वेगळे करा

'शारीरिक हालचाल' आणि 'व्यायाम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायू वापरून शरीर हललं आणि ऊर्जा खर्च झाली की ती हालचाल. खुरपणी, धुणं, जिना, बसस्टॉपपर्यंतची चाल हे सगळं त्यात आलं. ठरवून, आखून, पुन्हा पुन्हा आणि तब्येत सुधारावी म्हणून केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. आपल्याकडे 'व्यायाम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जोर-बैठका, तालीम नाहीतर सकाळी बूट घालून फिरणारे शहरी लोक येतात. म्हणून "व्यायाम करता का?" या प्रश्नाला आलेलं "नाही" हे उत्तर तुम्हाला फार काही सांगत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेहावरच्या अभ्यासाच्या २०१४ साली आलेल्या लेखात दिसतं. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४ हजारांवर लोकांची पाहणी होती. त्यात ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले, आणि फावल्या वेळात हौसेनं हालचाल करणारे १० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आपल्याकडची हालचाल बरीचशी कामात आणि येण्याजाण्यात आहे. परदेशी पेपरमधला जिम-ट्रेडमिलचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलला, तर पहिला अडथळा इथेच येतो.

२. तीन गोष्टी मुळातून वाचा

पहिली, जेरी मॉरिस यांचा १९५३ सालचा 'लॅन्सेट'मधला अभ्यास. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. पण त्याच गटानं तीन वर्षांनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी असल्याचं दिसलं. मग प्रश्न उभा राहिला : बसून राहिल्यानं हृदय बिघडलं, की आधीच स्थूल असलेली माणसं ड्रायव्हर झाली? स्वतःच्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारणं ही या क्षेत्रातली पहिली शिस्त आहे.

दुसरी, जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार हालचाल, आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. जुनाट आजार असलेल्यांसाठी वेगळ्या शिफारशी त्यात पहिल्यांदाच आल्या. हालचाल सलग १० मिनिटांची असली तरच मोजायची, ही जुनी अटही गेली. ती जाणं का महत्त्वाचं, ते पाचव्या टप्प्यात येईल.

तिसरी, चेन्नईचा भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम, २००६. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांच्या या अभ्यासात आहार आणि हालचाल बदलल्यानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की जे आधीच अंगमेहनतीचं काम करत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून अधिक चालत होते, त्यांना तेच चालू ठेवायला सांगितलं. त्यांच्यावर वेगळा व्यायाम लादला नाही.

वाचायला पबमेड आणि फिजिओथेरपीसाठी पेड्रो हे शोधनिबंधांचे ऑनलाइन साठे मोफत आहेत. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. नंतर बसवू म्हटलं की प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात रात्री जागवाव्या लागतात.

३. प्रश्न ओपीडीतून उचला, पण वेळेचं गणित घालून

एक आजार, एक गट, एक मोजमाप. "मधुमेहात व्यायामाचा परिणाम" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "तालुक्याच्या रुग्णालयात येणाऱ्या, टाइप २ मधुमेह असलेल्या चाळिशी-साठीतल्या बायकांनी घरी १२ आठवडे खुर्चीवरून उठ-बस आणि जेवणानंतर १५ मिनिटांची चाल केली, तर एचबीएवनसी (साखरेची रक्तचाचणी) किती बदलतं?" हा प्रश्न झाला.

इथला नेहमीचा खड्डा सांगते, कारण दरवर्षी निदान एका सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) तो दिसतो : सहा आठवड्यांचा व्यायाम आणि मुख्य मोजमाप एचबीएवनसी. तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्यामुळे एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतं. सहा आठवड्यांनी रक्त काढलंत तर त्यात व्यायामाआधीचे दिवसही मिसळलेले असतात. फरक दिसत नाही आणि "व्यायामाचा उपयोग नाही" असा चुकीचा निष्कर्ष छापला जातो. किमान १२ आठवडे ठेवा. तेवढा वेळ हाताशी नसेल तर सहा मिनिटं चालण्याची चाचणी किंवा उठ-बस चाचणी यासारखं लवकर बदलणारं मोजमाप निवडा.

४. गाइड, प्रवेश आणि पैसा

गाइड निवडताना नावापेक्षा मागचं काम बघा. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात. दोन उघडून वाचा. किती वर्षांत झाले, किती पेशंट घेतले, पुढे पेपर झाले का, हे कळतं. मग त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांशी चहावर बोला. विचारायचे प्रश्न तीनच : मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो, पेशंट कुठून मिळतात, आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं असतं. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर ते उत्तरच समजा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, मास्टर्सला साधारणपणे ५५ टक्के आणि किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं. एका वेळी प्रोफेसरला आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात. तुमच्या गाइडकडे जागा खरंच रिकामी आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. मला तोंडी "आहे" सांगितलं गेलं आणि त्यात एक पूर्ण वर्ष गेलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आणि अभिमत विद्यापीठांचे आपापले प्रवेशाचे नियम असतात. त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका.

पैशाचं सरळ सांगते. यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत शारीरिक शिक्षण आणि योग हे विषय आहेत, फिजिओथेरपी हा स्वतंत्र विषय नाही. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढे ४२ हजार. ती न मिळणाऱ्या फिजिओथेरपिस्टांपैकी बरेच जण कॉलेजात शिकवत पीएचडी करतात. दुसरा रस्ता म्हणजे आयसीएमआरच्या किंवा इतर एखाद्या प्रकल्पात ठरावीक मुदतीची नोकरी. पगार मोजकाच असतो, पण डेटा कसा गोळा होतो हे तिथे हाताने शिकता येतं. प्रवेशाआधी एक वर्ष असं काम केलंत तर पुढची दोन वर्षं वाचतात, असं माझं मत आहे.

प्रवेशासाठी हे जमवून ठेवा :

- पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रिका, प्रमाणपत्रं, कौन्सिलची नोंदणी
- लागू असेल तर जातीचं, जातवैधतेचं आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र (यांना वेळ लागतो, आधी अर्ज करा)
- नोकरीत असाल तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र
- गाइडचं संमतिपत्र
- पाच-सहा पानी आराखडा
- ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख सांगणारा), जो ऑनलाइन मोफत मिळतो

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाच्या मूलभूत गोष्टींवरचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. तोही उरकून टाका.

५. मोजायचं कसं

या क्षेत्रातलं निम्मं शहाणपण मोजमापात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

प्रश्नावली : जागतिक आरोग्य संघटनेची जीपीएक्यू ही १६ प्रश्नांची प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ अशा तीन भागांत हालचाल विचारते, शिवाय बसण्याचा वेळ. पण ती सलग किमान १० मिनिटांचीच हालचाल मोजते. आता घरातल्या बाईचा दिवस पाहा. पाणी भरणं सात मिनिटं, झाडू पाच, मध्येच मूल रडलं, मग धुणं. तुकड्यातुकड्यांचं हे काम प्रश्नावलीतून गळून जातं. मी उपाय काढला तो असा : आधी "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, ते सांगा" एवढंच म्हणायचं आणि ऐकायचं. दिवस सांगून झाला की मग प्रश्नावली. उत्तरं बदलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. 'जोमदार हालचाल' हे शब्द वाचून दाखवू नका. "धाप लागते, बोलताना मध्ये थांबावं लागतं असं काम" म्हणा, लगेच कळतं.

दुसऱ्याची प्रश्नावली मराठीत आणायची तर आधी मालकाची परवानगी हवी. गुडघ्याच्या त्रासावरच्या प्रश्नावल्यांचंच घ्या : वोमॅकसारख्या काहींना पैसे पडतात, कूससारख्या काही मोफत आहेत. भाषांतर दोघांनी स्वतंत्र करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्यायचं आणि मग थोड्या पेशंटना वाचून दाखवायचं. हा शेवटचा भाग लोक गाळतात, आणि नेमके अडखळतात ते तिथेच. "गेल्या सात दिवसांत" हे आमच्याकडे "मागच्या बाजारापासून" असं सांगावं लागलं.

ॲक्सिलरोमीटर : कंबरेला किंवा मनगटाला बांधायचं छोटं यंत्र. सहसा सात दिवस देतात, आणि किमान चार दिवस रोज किमान १० तास वापरलेलं असेल तर तो डेटा धरतात. कंबरेचं यंत्र पँटच्या पट्ट्याला ठीक बसतं. पण साडीत? निऱ्यांवर लावलं तर निसटतं, पदराखाली घासतं, आणि बाई ते काढून देवघरात ठेवते. आम्ही शेवटी इलॅस्टिकचा मऊ पट्टा शिवून घेतला, परकराच्या नाडीच्या वर, उजव्या खुब्यापाशी. मनगटाचं यंत्र टिकतं जास्त, पण भाकरी थापताना हात चालतात आणि पाय जागेवर असतात, ते यंत्राला वेगळं ओळखता येत नाही. दोन्हींत त्रुटी आहेत. कोणती चालेल हे तुमचा प्रश्न ठरवतो.

सहा मिनिटांची चाल : ३० मीटरचा सपाट, मोकळा कॉरिडॉर लागतो. सरकारी रुग्णालयात तो कागदावर असतो, प्रत्यक्षात तिथे नातेवाईक चटई टाकून डबा खात बसलेले असतात. दुपारी दोननंतरची वेळ मेट्रनशी (मुख्य परिचारिकेशी) बोलून ठरवून घ्या. दर ३ मीटरवर टेपची खूण करा, दोन्ही टोकांना शंकू ठेवा. पेशंटच्या पुढे किंवा बरोबरीनं चालू नका, तुमच्या वेगानं तो चालायला लागतो. प्रोत्साहनाची वाक्यं ठरलेली आहेत, त्यांचं मराठी रूप कागदावर लिहून तेच प्रत्येकाला म्हणा. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीला पायात काय आहे त्याची नोंद करा. आधी चपला आणि नंतर बूट असं झालं तर वाढलेले मीटर व्यायामाचे की बुटांचे, हे सांगता येत नाही. दुसऱ्यांदा चालताना माणूस सवयीनंही जास्त चालतो, म्हणून सुरुवातीला दोन चाचण्या घेऊन चांगली ती धरा.

६. किती पेशंट लागतील

"गाइड म्हणाले ३० पुरे" हे कारण कुठलीही समिती मानणार नाही. फुप्फुसाच्या जुनाट आजारांत सहा मिनिटांच्या चालीतला साधारण ३० मीटरचा फरक पेशंटच्या दृष्टीनं अर्थपूर्ण मानतात. समजा, तुमच्या गटात प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ६० मीटर आहे. ८० टक्के शक्ती (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. २० टक्के लोक मधेच सोडतील असं धरलं तर ८०. दोन गटांचे मिळून १६०. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हे गणित करून देतं, आणि विश्लेषणाला जामोवी किंवा आर मोफत आहे. सांख्यिकी जाणणाऱ्या माणसाकडे डेटा घेऊन जायचं नसतं, डेटा जमवण्याआधी आराखडा घेऊन जायचं असतं.

७. एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय

क्रम चुकवू नका : आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी, मग पहिला पेशंट. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. नोंदणी मोफत आहे, पण शंका-उत्तरांच्या फेऱ्या होतात, त्यासाठी आठवडे धरून ठेवा. व्यायाम म्हणजे औषध नाही, मग नोंदणी कशाला, असं एकीनं मला विचारलं होतं. तिचा चांगला झालेला अभ्यास केवळ यामुळे नियतकालिकांनी परत पाठवला.

कमिटीपुढे लागतात :

- संपूर्ण आराखडा, आणि संस्थाप्रमुख व विभागप्रमुखांची परवानगी
- मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक, संमतिपत्र
- सर्व प्रश्नावल्या, परवानगीच्या पत्रांसह
- तुमचा आणि गाइडचा बायोडाटा, जीसीपी (चाचण्या नीट करण्याचे नियम) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- खर्चाचा तपशील, आणि इजा झाल्यास उपचार कोण करणार याचा स्पष्ट उल्लेख

आयसीएमआरची २०१७ ची नैतिक तत्त्वं आधी वाचून जा. कमिटीचे प्रश्न बहुधा त्यातूनच येतात. सुरक्षिततेचं पान घाईत लिहू नका. मधुमेहाच्या पेशंटचे तळपाय दर वेळी उघडून बघायचे, इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी ग्लुकोमीटर लावायचा, आणि ग्लुकोजची पुडी खिशात ठेवायची. छातीत दुखलं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर चिकटवलेला हवा.

८. पेशंट मिळवणं आणि टिकवणं

इथे गाडं अडतं. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या यादीत ४१ नावं होती आणि आषाढीनंतर त्यातली ११ गायब झाली. काही वारीला गेले होते, काहींची पेरणी चालू होती. मी त्यांना 'ड्रॉपआउट' लिहिणार होते. एका आशाताईंनी थांबवलं. म्हणाल्या, "मॅडम, गेली नाहीत ती माणसं, शेतात आहेत. फोन करा, रात्री आठनंतर." आठ जण परत आले.

तेव्हापासून वेळापत्रक आखताना मी आधी पेरणी, वारी, गणपती, दिवाळी, ऊसतोड आणि लग्नसराई खुणा करून घेते. दुसरं, येण्याजाण्याचं भाडं द्या आणि ते बजेटमध्ये दाखवा. ज्या बाईला रुग्णालयात यायला घरच्यांची परवानगी आणि एसटीचे पैसे दोन्ही मागावे लागतात, तिच्यासाठी हा छोटा खर्च नाही. तिसरं, सासू-सुनेला एकत्र बोलवा. सून एकटीच अंगणात चकरा मारू लागली तर घरात बोलणी होतात. दोघी मिळून चालल्या तर होत नाहीत.

९. पेपर कुठे पाठवायचा

"प्रिय मान्यवर संशोधक" असं म्हणत चार दिवसांत छापून देण्याचं आश्वासन देणारी मेल थेट डिलीट करा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. नियतकालिक मेडलाइन किंवा डीओएजे या पारखून घेतलेल्या सूच्यांमध्ये आहे का, संपादक खरोखर तिथे काम करतात का, मागच्या अंकातले लेख वाचण्यासारखे आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. व्यायामाचं वर्णन लिहिताना सर्ट या त्यासाठीच केलेल्या १६ मुद्द्यांच्या यादीवर एकेक खूण करत जा. "पेशंटना व्यायाम दिला" एवढ्या वाक्यावरून दुसऱ्या गावातल्या फिजिओथेरपिस्टला काहीच करता येत नाही.

१०. पुढे

सहायक प्राध्यापक, आयसीएमआरच्या प्रकल्पांतली वैज्ञानिक पदं, इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेची फेलोशिप, किंवा परदेश. ब्रिटनमध्ये या विषयात मोठं काम चालतं आणि तिथे अशा आजारांना 'दीर्घकालीन स्थिती' म्हणतात, जाहिराती शोधताना इंग्रजीतला तोच शब्द, 'लाँग-टर्म कंडिशन्स', टाका. पीएचडीच्या जागेला शिष्यवृत्ती आहे असं लिहिलेलं असलं तरी ती फक्त स्थानिक विद्यार्थ्यांइतकी फी भरते का, हे विचारा. परदेशी विद्यार्थ्यांची फी जास्त असते, तो फरक तुमच्या खिशातून जातो.

११. निकाल घेऊन परत जा

प्रबंध जमा झाला की मराठीत एक पानी निकाल तयार करा. आमच्या पानावर मोठ्या अक्षरात चार वाक्यं होती, आणि आशाताईंनी वाचून दाखवायला एक सकाळ काढली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, पण सरासरीत कुणाला रस नव्हता. एका आजोबांनी विचारलं, "माझे किती मीटर वाढले?" माझ्याकडे तो आकडा तिथे नव्हता. लॅपटॉप आणायला गाडीपर्यंत गेले, फाइल उघडली आणि सांगितलं : ४४. म्हणून पान छापताना वरच्या कोपऱ्यात मोकळी चौकट ठेवा आणि निघण्याआधी त्यात ज्याचा त्याचा आकडा पेनानं लिहून घ्या.